आपल्या पायाखालचा कातळ
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



 मराठीचा अध्यापक व्यासपीठावर आला म्हणजे तो संतवाङ्मयावर नाहीतर नाटकावर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज दगडावर बोलणार आहे. आमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींना मी विषय सांगितला, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिले. पण त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, याबद्दल त्यांचे आधीच आभार मानतो.

सर्वण हे माझे गाव. गावात शिरताना घरांच्या भिंती, विहिरीचे काठ, कुळागराचे गडगे, तुळशीवृंदावनांचे चौथरे सारे एकाच तांबड्या दगडाचे दिसतात. तो जांभा. आपण त्याला चिरा म्हणून ओळखतो. या ग्रंथालयाच्या पायातही तोच आहे. ज्या दगडावर आपण शंभर वर्षे पुस्तके रचून ठेवली, त्याच दगडावर फार पूर्वी कोणीतरी काही कोरून ठेवले आहे आणि ते वाचण्याची वेळ आता थोडी उरली आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम या दगडाविषयी दोन शब्द. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाचे वर्णन केले आणि त्याला लॅटराइट असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. जमिनीत असतो तोवर तो हत्याराने सहज कापता येतो. उघड्यावर आला, उन्हावाऱ्यात राहिला की विटेसारखा कठीण होतो. हा त्याचा स्वभाव बुकाननच्या ध्यानात आला. आपल्या चिरे काढणाऱ्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत, रत्नागिरीच्या सड्यांपासून गोमंतकातून खाली मलबारपर्यंत, हा दगड पसरलेला आहे. त्यावर रेषा कोरता येते, त्यात खोली कोरता येते आणि एकदा कोरलेले पुष्कळ काळ टिकते. या किनाऱ्यावरच्या माणसाने कातळचित्रे, गुहा आणि थडगी या तिन्ही गोष्टी त्याच दगडात केल्या, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

आपल्या गोमंतकातील कातळचित्रांची हकीकत आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे, पणसायमळ नावाच्या जागी, जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या आहेत. बैल आहेत, हरणे आहेत, माणसे आहेत, कातळात केलेले वाटीएवढे खळगे आहेत आणि एक वर्तुळाकार चक्रव्यूह आहे. १९९३ च्या मे महिन्यात पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन संचालक डॉ. प्रकाशचंद्र शिरोडकर यांनी ही चित्रे अभ्यासकांपुढे आणली. त्यांना ती जागा दाखवली ती गावकऱ्यांनी. म्हणून 'शोध' हा शब्द आपण येथे जपून वापरला पाहिजे. गावाला जे माहीत होते, ते १९९३ साली विद्वानांना माहीत झाले.

मी तेथे प्रथम गेलो तो भर दुपारी. मला चित्र दिसेना. डोक्यावर सूर्य असताना उथळ रेषेला सावली नसते आणि सावली नसली की रेषा दगडात मिसळून जाते. सोबतच्या गावकऱ्याने मला झाडाखाली बसवले आणि उन्हे कलल्यावर पुन्हा कातळावर नेले. तेव्हा एकेक बैल उठून उभा राहावा तसा दिसू लागला. वर्गात कविता शिकवताना मला त्या दुपारची अनेकदा आठवण झाली आहे.

तो चक्रव्यूह पाहताना आपल्या मनात साहजिकच अभिमन्यू येतो. परंतु एका वाटेने वळणे घेत मध्यापर्यंत नेणारी याच जातीची आकृती भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर, क्नोसोस नगराच्या प्राचीन नाण्यांवरही आहे. तेथील लोक तिला आपल्या पुराणकथेशी जोडतात, आपण आपल्या पुराणकथेशी जोडतो. आकृती आधीची की कथा आधीची, हे दगड सांगत नाही. या चित्रांचे वय ठरवणे एवढ्याचसाठी कठीण आहे. कोळसा, हाड, लाकूड असे काही सापडले तर त्याचे वय प्रयोगशाळेत काढता येते. कोरलेल्या रेषेत तसे काही उरत नाही. म्हणून शैली, आसपास सापडणारी दगडी हत्यारे, कोणते प्राणी दाखवले आहेत आणि कोणते नाहीत, अशा आडवाटांनी जावे लागते. काही अभ्यासक ही चित्रे मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, काही त्यांना बरीच अलीकडची मानतात. हजारो वर्षांचे आकडे ऐकून टाळ्या वाजवण्याचा मोह आपण आवरला पाहिजे.

आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात म्हाऊस येथे झरमे नदीच्या पात्रातील दगडांवर वशिंडाचे बैल, हरणवर्गातील प्राणी, खळगे आणि त्रिशूळाची आकृती कोरलेली आहे. केपे तालुक्यात काजूर येथे दूधाफातर नावाचा मोठा पाषाण आहे. त्यावरही प्राणी आणि खळगे आहेत. हा फातर तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे, हे मला फार मोलाचे वाटते. जो दगड पूजेत राहिला, तो फोडला गेला नाही.

गोमंतकाच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत तर गेल्या काही वर्षांत कातळचित्रांचे मोठे भांडारच उघडले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी सडे पायी तुडवले, गावोगावच्या गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारले आणि हजाराहून अधिक आकृत्या नोंदवल्या. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. आज कोकणात ज्याचा मागमूस नाही, त्या गेंड्यासारखा प्राणीही काही ठिकाणी दिसतो. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणच्या कातळशिल्पांची नऊ स्थळे समाविष्ट झाली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत, कुडोपी हे सिंधुदुर्गातील आहे आणि नववे आपले पणसायमळ आहे. 'कातळशिल्प' हा शब्दही याच काळात मराठीत रुळला. भाषेचा अध्यापक म्हणून मला त्याचा आनंद आहे, कारण ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव मिळते, तिची काळजी घेणे थोडे सोपे जाते.

आता चित्रांकडून खोल्यांकडे वळू. साखळीजवळील हरवळ्याच्या गुहा आपल्या तालुक्याचे भूषण आहेत. जांभ्यात खोदलेल्या त्या दालनांत लिंगे आहेत. त्या मूळच्या बौद्ध की शैव, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. त्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमाराच्या असाव्यात असे सामान्यतः मानले जाते. एका लिंगावर ब्राह्मी लिपीत संस्कृत भाषेतला छोटासा लेख आहे आणि संबळूर येथे राहणाऱ्या रवी नावाच्या माणसाचा त्यात उल्लेख वाचला गेला आहे. पणसायमळच्या बैलाखाली कोणाचेच नाव नाही. हरवळ्याला एक माणूस स्वतःचे आणि आपल्या गावाचे नाव सोडून गेला, आणि तेवढ्याने तो आपल्याला ओळखीचा वाटतो. अक्षराचे बळ ते हेच.

पण गावात विचारा, या गुहा कोणी खोदल्या? उत्तर एकच मिळते : पांडवांनी. वनवासात असताना पांडव येथे राहिले. सुशिक्षित माणूस यावर हसतो. मीही तरुणपणी हसलो आहे. पुढे एकदा मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या जुन्या निबंधांचा उल्लेख वाचनात आला. ही संस्था १८०४ साली स्थापन झाली आणि पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात जे. बॅबिंग्टन या गृहस्थांचा मलबारातील 'पांडू कुळीं'वर निबंध आहे. कुळी म्हणजे खड्डा, विवर. मलबारात जांभ्यामध्ये कोरलेल्या प्राचीन दफनांच्या खोल्या आहेत. तेथील लोक त्यांना पांडवांचे खड्डे म्हणत. हरवळ्याच्या आजीने जे उत्तर दिले असते, तेच उत्तर शेकडो मैल दूर, वेगळी भाषा बोलणाऱ्या आजीने बॅबिंग्टनला दिले होते!

त्या खोल्या कशा असतात, हे थोडक्यात सांगतो. कातळात आधी एक लहानसे अंगण खोदायचे, त्याच्या उभ्या भिंतीत वाकून जाता येईल एवढे चौकोनी दार कोरायचे आणि आत घुमटासारख्या छताची खोली करायची. काहींच्या छताला गोल भोक असते, काहींच्या आत कडेने दगडाचाच ओटा ठेवलेला असतो. आत मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, कधी मणी सापडतात. कोचीन भागातील अशा खोल्यांचा व्यवस्थित अभ्यास य. द. शर्मा यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. त्या लोहयुगातील, महापाषाणीय संस्कृतीतील मानल्या जातात. आपल्या महाराष्ट्रात त्याच संस्कृतीची खूण विदर्भात आहे. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत, ती थडगीच. आणि त्यांतल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असल्याची नोंद रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ सालीच केली आहे. कोरणे आणि पुरणे या दोन कृती तेथे एकाच दगडावर भेटतात.

म्हणून 'पांडव' या उत्तराकडे मी आता निराळ्या दृष्टीने पाहतो. गाव त्या एका शब्दात तीन गोष्टी सांगत असते : हे माणसाने केलेले आहे, ते आमच्या आधीचे आहे आणि ते आमच्या पूर्वजांनी केल्याची आठवण आमच्याकडे नाही. यातली कोणतीही गोष्ट खोटी नाही.

श्रोतेहो, आता एक कबुली देतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मलबारच्या या खोल्यांविषयी वाचून मी झपाटून गेलो होतो. त्याच सुमारास गावाजवळच्या सड्यावर फिरताना मला कातळात एक खड्डा दिसला. चौकोनी, पुरुषभर खोल, कडा सरळ, एका बाजूला आत शिरलेला. माझी खात्रीच पटली. मी घरी येऊन रात्र जागून लेख लिहिला आणि गोमंतकातील शिलाखोदित थडगे असे भारदस्त शीर्षक देऊन तो छापूनही आणला. कौतुकाची चार पत्रे आली. मी सुखावलो.

महिनाभराने गावातल्या एका वृद्धाने मला वाटेत थांबवले. आयुष्यभर चिरे काढण्याचे काम केलेला माणूस. तो मला त्या खड्ड्याशी घेऊन गेला, खाली उतरला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्तर, हो फोंड म्हज्या आज्यान मारिल्लो." त्याच्या आजोबाने चिरा कसा निघतो हे पाहण्यासाठी तेथे खणून पाहिले होते, दगड भुसभुशीत लागला, म्हणून काम सोडून दिले. भिंतीवरचे तिरपे ओरखडे पिकावाचे कसे, ते कोणत्या हाताने मारलेले, आत शिरलेला भाग का कोरला, हे त्याने मला एकेक करून दाखवले. त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता. मला मात्र वर तोंड करून पाहवेना. त्याने वाचले ते मला वाचता आले नव्हते, कारण मी दगड वाचत नव्हतो, माझ्या डोक्यातले पुस्तक वाचत होतो.

चुकीची दुरुस्ती मी छापून आणली. पण गोष्ट येथे संपत नाही. कातळावरून परतताना त्या वृद्धाने सहज विचारले, "आणि तो पावलांचा फातर? त्याचे तुम्ही काही लिहिले नाही ते?" मी चमकलो. त्याच सड्याच्या दुसऱ्या टोकाला एक फातर होता. आम्ही लहान असताना गुरांमागून तेथे जात असू. त्यावर दोन पावलांसारख्या रेषा होत्या, शेजारी एक गोल आणि काही खळगे होते. त्या फातरावर वहाणा घालून चढायचे नाही, अशी आजीची ताकीद होती. का, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मराठीत एम. ए. झालो, मलबारपर्यंतची थडगी वाचून काढली. तो फातर मात्र मला आठवलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तेथे गेलो. तेथे चिरेखाण झाली होती. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला कातळ आणि तळाशी साचलेले हिरवे पाणी. फातर कोणत्या तरी घराच्या भिंतीत गेला असेल.

त्या रेषा प्राचीन होत्या काय? कोणा गुराख्याने मागच्या पिढीत सहज कोरल्या होत्या काय? हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्याचे छायाचित्र नाही, माप नाही, कागदावर एक ओळ नाही. खोट्या थडग्यावर मी चार पाने लिहिली. आणि जे कदाचित खरे होते, त्याच्यावर एक वाक्यही लिहिले नाही. सर्वणच्या माणसाने सर्वणसाठी करायची ती एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली.

मी चिरे काढणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्या श्रमातूनच आपली घरे उभी राहिली, या इमारतीचे दगडही त्यांनीच काढले. पण पूर्वी पिकावाने दिवसाकाठी जेवढा दगड निघे, त्याच्या कितीतरी पट आज यंत्राने निघतो. पूर्वी माणूस दगडाकडे पाहत पाहत कापत असे. यंत्राचे पाते पाहत नाही. आपल्या डिचोली तालुक्याने खनिजाचाही काळ पाहिला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. या साऱ्या वादात रोजगार, पाणी, शेती यांचा विचार झाला आणि तो व्हायलाच हवा होता. डोंगराच्या पाठीवर काही कोरलेले होते काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. बारसूच्या सड्यावर २०२२-२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून आंदोलन झाले, तेव्हा तेथील कातळशिल्पांचे काय होणार, हे निदान वर्तमानपत्रांतून विचारले गेले. कारण ती आधी नोंदवलेली होती. ज्याची नोंद आहे, त्याच्याविषयी भांडता येते. माझ्या फातराविषयी कोणाशी भांडू?

प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, आपल्या राज्याचा १९७८ चा आहे. परंतु कायदा संरक्षित स्थळाचे रक्षण करतो आणि स्थळ संरक्षित होण्यासाठी ते आधी कोणाला तरी माहीत असावे लागते. ते पहिले पाऊल सरकार टाकू शकत नाही. ते गावानेच टाकायचे असते.

याबाबतीत आपल्यापुढे एका गोमंतकीयाचाच आदर्श आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. गणिताचा हा विद्वान पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडला आणि पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर त्याने १९६२ साली निबंध प्रसिद्ध केला. दगडावरची रेषा पाहायची, शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील देवाचे नाव, जत्रेचा दिवस, निषेध आणि नवस विचारायचे आणि मग ग्रंथ उघडायचे, असा त्यांचा परिपाठ होता. मी नेमके उलट केले होते.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाला माझी एक नम्र सूचना आहे. येथे एक जाडजूड, शिवलेली नोंदवही ठेवावी. तिला कुलूप नसावे. कोणाच्या भाटात, कोणत्या सड्यावर, कोणत्या व्हाळाकाठी काही कोरलेले, खोदलेले, रचलेले दिसले, तर ते जाऊन पाहावे आणि या वहीत लिहावे. जागेला गाव काय म्हणते, कोणी दाखवले, तेथे वर्षातून एकदा दिवा लागतो काय, वहाणा काढतात काय, हे सारे लिहावे. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. रेषा उठून दिसावी म्हणून खडू भरू नये, टोकदार वस्तूने ती उकरू नये. ते किती जुने, बौद्ध की शैव, थडगे की टाके, याविषयी आपले मत लिहूच नये. ते काम पुढे येणाऱ्या जाणकारांचे आहे. आणि गावात चिरे काढण्याचे काम केलेला एखादा वृद्ध असेल, तर त्याला सोबत नेल्याशिवाय खड्ड्याविषयी एक शब्दही लिहू नये, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

या वहीतल्या शंभर नोंदींपैकी नव्वद कदाचित आजोबांनी मारलेल्या फोंडांच्या असतील. हरकत नाही. तोही आपलाच इतिहास आहे. त्या आजोबांचे नाव तरी कोणत्या पुस्तकात आहे? उरलेल्या दहांपैकी एखादी पणसायमळच्या तोडीची निघाली, तर या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचे सार्थक होईल.

पहिली नोंद मी घरून लिहून आणली आहे. मौजे सर्वण, सड्यावरचा पावलांचा फातर, आज अस्तित्वात नाही, आजी त्यावर वहाणा घालून चढू देत नसे. एवढेच तीत आहे. व्याख्यान संपल्यावर ती मी ग्रंथपालांच्या स्वाधीन करीन.